‘स्टोनर’वर पहिलं टिपण लिहिताना : कॅम्पस कादंबरी वाचायची कशी

एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला मला अंतर्गत मूल्यमापनासाठी विषय मिळाला होता : कॅम्पस कादंबरीतले, म्हणजे कॉलेज-विद्यापीठाच्या आवारात घडणाऱ्या कादंबरीतले, साहित्यघटक. कादंबरी होती जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’. तीनशे पानांच्या आतलं पुस्तक चार दिवसांत वाचून झालं. मग मी कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, भाषा आणि आशय असे पाच मथळे टाकले, प्रत्येकाखाली एकेक परिच्छेद लिहिला आणि टिपण दिलं. मॅडमनी ते परत केलं तेव्हा खाली पेन्सिलीने एकच ओळ होती : “हे पाचही परिच्छेद एकमेकांना ओळखत नाहीत.”

ते टिपण मी तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मराठी माध्यमातून आलेल्या आणि पहिल्यांदाच अख्खी इंग्रजी कादंबरी अभ्यासायला घेतलेल्या मुलामुलींना हे आधीच कळावं एवढीच इच्छा आहे. शेवट आधी समजला म्हणून या कादंबरीचं काही बिघडत नाही, त्यामुळे पुढे सगळं उघड सांगितलं आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, बूनव्हिलजवळच्या एका लहान शेतावर वाढलेला विल्यम स्टोनर १९१० साली मिसुरी विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला येतो, साहित्याच्या ओढीने वाट बदलतो आणि मरेपर्यंत तिथेच इंग्रजी शिकवतो. लग्न फसतं, मुलगी दुरावते, विभागप्रमुखाशी कायमचं वैर होतं, एक प्रेम मिळतं आणि सोडावं लागतं. १९६५ साली पुस्तक आलं तेव्हा त्याच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. २००६ मध्ये न्यू यॉर्क रिव्ह्यू बुक्सने ते पुन्हा छापलं, २०११ मध्ये आना गावाल्दा या लेखिकेने त्याचा फ्रेंच अनुवाद केला आणि मग ते युरोपभर वाचलं गेलं. तोवर लेखकाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. विल्यम्स १९९४ मध्येच वारले.

जवळ काय ठेवायचं

- कादंबरीची छापील प्रत, शक्यतो स्वतःची. समासात लिहायचं आहे, वाचनालयाच्या प्रतीवर ते करता येणार नाही.
- शेक्सपियरचं ७३ क्रमांकाचं सॉनेट (चौदा ओळींची कविता), एका कागदावर हाताने उतरवलेलं. झेरॉक्स नको, उतरवताना ओळी डोक्यात बसतात.
- एक शंभरपानी वही आणि मऊ पेन्सिल.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश. भाषा सोपी आहे, पण शेतीचे आणि विद्यापीठातल्या हुद्द्यांचे शब्द अडतात.
- तुमच्या विभागाचे टिपणाचे नियम : शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत, शेवटची तारीख. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

नेटवरचे सारांश पहिलं वाचन होईपर्यंत उघडू नका. सारांशात घटना असतात. या पुस्तकात घटना फार थोड्या आहेत आणि त्यांचं सार लेखकाने पहिल्या पानावरच सांगून टाकलं आहे.

१. पहिला परिच्छेद दहा वेळा वाचा

अक्षरशः दहा वेळा. सेवापुस्तकातल्या नोंदीसारखा तो परिच्छेद आहे. स्टोनर १९१० साली, एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठात आला, आठ वर्षांनी पीएच.डी. झाला, १९५६ साली वारला, असिस्टंट प्रोफेसरच्या वर कधी गेला नाही, विद्यार्थ्यांच्याही फारसा लक्षात राहिला नाही. सहकाऱ्यांनी त्याच्या आठवणीसाठी ग्रंथालयाला एक मध्ययुगीन हस्तलिखित भेट दिलं.

आता वहीत लिहा : लेखकाने हे आधीच का सांगितलं? ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता त्याने पहिल्याच पानावर संपवली. मग वाचक पुढे कशासाठी वाचतो? बाहेरून पाहणारा निवेदक या माणसाला दोन ओळींत निकालात काढतो. त्यानंतर पुस्तकभर तोच निवेदक त्याच्या इतका जवळ जाऊन बसतो की हाताच्या शिरा दिसाव्यात. या दोन अंतरांमधला फरक म्हणजेच या कादंबरीचं निवेदनतंत्र. ‘तृतीयपुरुषी निवेदन आहे’ एवढं लिहून थांबलात तर हे सगळं हातचं जाईल.

२. हुद्दे आणि अर्पणपत्रिका : दोन सापळे

आपल्याकडे असिस्टंट प्रोफेसर म्हणजे नुकतीच नेट-सेट होऊन कायम झालेली व्यक्ती. त्यामुळे पहिल्या वाचनात मला स्टोनरचा हुद्दा बरा वाटला होता. तिथली शिडी अशी : इन्स्ट्रक्टर, मग असिस्टंट प्रोफेसर, मग असोसिएट, मग प्रोफेसर. म्हणजे स्टोनर दुसऱ्या पायरीवर जवळपास सगळा जन्म काढतो. त्याची नोकरी पक्की आहे, त्याला काढता येत नाही. म्हणून विभागप्रमुख त्याचा छळ वेगळ्या मार्गाने करतो : त्याच्या अभ्यासाचे वर्ग काढून घेतो, पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाचे तास देतो आणि तेही दिवसभर विखुरलेले. टाइमटेबलने माणसाला कसं छळता येतं हे ज्याने स्टाफरूम जवळून पाहिली आहे त्याला समजावून सांगायला नको.

दुसरा सापळा लेखकाच्या चरित्राचा. विल्यम्स यांनी १९५४ मध्ये मिसुरी विद्यापीठातूनच पीएच.डी. केली आणि नंतर डेन्व्हर विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. (दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलातर्फे चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होते, म्हणजे आपल्या भागातही येऊन गेले.) हे वाचलं की ‘स्टोनर म्हणजेच विल्यम्स’ असं लिहायचा मोह होतो. त्याआधी अर्पणपत्रिका वाचा. पुस्तक मिसुरीतल्या जुन्या सहकाऱ्यांना अर्पण केलेलं आहे आणि तिथेच बजावलं आहे की यातली माणसं आणि घटना कल्पित आहेत, एवढंच काय, विद्यापीठसुद्धा कल्पितच समजावं. शिवाय तारखाही जुळत नाहीत. स्टोनर १८९१ सालचा, विल्यम्स १९२२ चे.

३. कालरेषा काढा, पण पानांसकट

वहीचं पान आडवं धरा आणि १९१० ते १९५६ अशी रेघ ओढा. वरच्या बाजूला जगातल्या घडामोडी : पहिलं महायुद्ध, १९२९ ची मंदी, दुसरं महायुद्ध. खालच्या बाजूला स्टोनरचं आयुष्य. पहिल्या युद्धात डेव्ह मास्टर्स हा मित्र फ्रान्समध्ये मारला जातो, स्टोनर सैन्यात जात नाही. मंदीत सासऱ्यांची बँक बुडते आणि ते आत्महत्या करतात. दुसऱ्या युद्धात मुलीचा नवरा जातो.

आता प्रत्येक घटनेखाली ती किती पानं व्यापते ते लिहा. कित्येक वर्षं एका वाक्यात सरतात, आणि एका दुपारची तोंडी परीक्षा पानंच्या पानं चालते. तुमच्या रेघेखालचे हे आकडे दाखवून देतात की लेखकाला काय महत्त्वाचं वाटतं. युद्ध नाही, लग्नही नाही. बंद खोलीतली एक परीक्षा. काळाची हाताळणी या घटकावर लिहायला एवढं पुरेसं आहे.

४. प्रश्न विचारला जातो ते प्रसंग शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या टिपणाला आकार आला तो इथून.

कादंबरीत दोन वेळा एका विद्यार्थ्याला प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तर येत नाही.

पहिली वेळ : स्टोनर दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजी साहित्याचा सक्तीचा पेपर आहे आणि तो एकच विषय त्याला जड जातो. आर्चर स्लोन नावाचे कडक, थंड स्वभावाचे प्राध्यापक ७३ वं सॉनेट म्हणून दाखवतात आणि विचारतात, याचा अर्थ काय? स्टोनर एवढंच म्हणू शकतो की याचा अर्थ असा की... आणि थांबतो. वाक्य पुरं होत नाही. पण लेखक काय दाखवतो ते बघा. खिडकीतून तिरपा आलेला उजेड, इतर मुलांच्या चेहऱ्यांवर पडलेला. बाकाला घट्ट धरलेली बोटं हळूहळू सैल होतात. तो स्वतःचे हात बघतो, त्यांचा रापलेला रंग, बोटांच्या टोकांत नखं कशी बसली आहेत ते, जणू पहिल्यांदाच. साहित्य या मुलाच्या अंगात शिरलं ते असं. तोंडून शब्द निघाला नाही तरी.

मी हे वाचलं तेव्हा बाबांचे हात डोळ्यांपुढे आले. सुकलेल्या बोंडाची टोकं कापूस वेचताना बोटांना लागतात, दिवाळीनंतर त्यांच्या नखांच्या कडेने नेहमी बारीक काळपट चिरा असायच्या. शेतातून आलेल्या मुलाने वर्गात बसून स्वतःच्या हातांकडे बघणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. तुमच्याकडेही असं काही असेल तर ते वहीत जरूर लिहा. टिपणात ते येणार नाही, पण कुठे थांबून बघायचं ते त्यावरून कळतं.

दुसरी वेळ : आता स्टोनर स्वतः परीक्षक आहे. चार्ल्स वॉकर हा पीएच.डी.चा विद्यार्थी, विभागात वजन असलेल्या आणि पुढे विभागप्रमुख होणाऱ्या हॉलिस लोमॅक्सचा लाडका. याआधी स्टोनरच्या सेमिनारमध्ये त्याने तयारी न करता, कॅथरिन ड्रिस्कॉल या विद्यार्थिनीच्या (पुढे स्टोनरचं प्रेम जडतं ती हीच) निबंधावर हल्ला चढवत आयत्या वेळी भाषण ठोकलेलं असतं. तोंडी परीक्षेत लोमॅक्स असे प्रश्न विचारतो की वॉकरची गाडी आपोआप शेली या कवीकडे वळावी, कारण त्याला तेवढंच येतं. दुसऱ्याने काही विचारलं की लोमॅक्सच तो प्रश्न सोपा करून देतो. मग स्टोनरची पाळी येते आणि तो अगदी प्राथमिक गोष्टी विचारतो. वॉकरला एकही येत नाही. पण तो गप्पही बसत नाही. तो बोलत राहतो, वळसे घेतो, वाक्यं फुलवतो.

आता दोन्ही प्रसंग समोरासमोर ठेवा. एकाला सगळं उमगलं आहे आणि शब्द सापडत नाहीत. दुसऱ्याकडे शब्दांचा पूर आहे आणि आत काही नाही. स्टोनर वॉकरला नापास करतो तेव्हा तो वर्गातल्या त्या अडखळलेल्या मुलाच्या बाजूने उभा राहतो. व्यक्तिचित्रण, संघर्ष, संवाद, प्रतिमा, आशय हे सगळे ‘घटक’ या एका जोडीत आले. ते वेगळे काढून दाखवायची गरज उरली नाही. मॅडमच्या ओळीचा अर्थ मला इथे समजला.

यात एक तिसरा धागाही आहे. तरुणपणी मास्टर्स मित्रांना म्हणालेला असतो की विद्यापीठ हा बाहेरच्या जगात न टिकणाऱ्यांसाठीचा आसरा आहे, आपल्यासारख्यांसाठीचा. वॉकरला का अडवायचं हे फिंच या जुन्या मित्राला, जो आता डीन आहे, सांगताना स्टोनर मेलेल्या मित्राचं तेच बोलणं आठवतो : वॉकर आत आला तर बाहेरचं जगच आत आलं. मास्टर्स पुस्तकाच्या सुरुवातीलाच मरतो, पण त्याचं वाक्य कितीतरी वर्षांनी एक निर्णय घडवतं. तुमच्या कालरेषेवर या दोन ठिकाणांना जोडणारी एक कमान काढा.

५. खलनायक शोधू नका

लोमॅक्स आणि स्टोनरची बायको ईडिथ या दोघांना काळ्या रंगात रंगवणं सोपं आहे. मीही पहिल्या टिपणात तेच केलं.

लोमॅक्सबद्दल एक रात्र विसरू नका. स्टोनरच्या नव्या घरी मंडळी जमलेली असतात आणि बरीच प्यायल्यावर लोमॅक्स आपलं बालपण सांगतो : पाठीच्या बाकामुळे आलेलं एकटेपण आणि त्यात पुस्तकांनी दिलेली सुटका. स्टोनरला जाणवतं की या माणसाला साहित्य भेटलं ते आपल्यासारखंच. सख्खे भाऊ शोभावेत असे हे दोघे नंतर वीसहून अधिक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या वैराला जे वजन येतं ते यामुळे.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. लोमॅक्स आणि वॉकर दोघांनाही शारीरिक व्यंग दिलं आहे आणि दोघांनाही स्टोनरच्या विरोधात उभं केलं आहे. मला हे खटकतं. पुस्तकावर जीव असला तरी हे टिपणात लिहावं.

ईडिथचंही तसंच. ती घरात जे करते ते क्रूर आहे, विशेषतः बापलेकीची ताटातूट. लहानगी ग्रेस वडिलांच्या खोलीत आपल्या छोट्या टेबलाशी बसून अभ्यास करायची, ते ईडिथ मोडून काढते. पण कथन स्टोनरच्या खांद्यामागून होतं, ईडिथच्या मनात आपण फारसे जात नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर ती माहेरच्या आपल्या जुन्या वस्तू कशा हाताळते, कुठल्या जाळते, ते पान पुन्हा वाचा. लेखक तिथे काहीतरी सुचवतो आणि उलगडून सांगत नाही. ‘ईडिथ वाईट बायको आहे’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी, निवेदक कोणाच्या जवळ आहे आणि त्यामुळे आपल्याला कोण दिसत नाही, यावर लिहा.

६. जागा आणि वस्तू

हा भाग थोडक्यात, कारण तो तुम्हाला स्वतः शोधता येईल. विद्यापीठाच्या चौकातले मोठे खांब बघा. ते खरोखरचे आहेत. जुनी इमारत १८९२ मध्ये जळाली आणि खांब तेवढे उभे राहिले. स्टोनरचं त्यांच्याकडे बघणं वयाप्रमाणे बदलत जातं. मग घरातली अभ्यासिका, जिथे तो जुन्या फळ्या घासूनपुसून शेल्फं बनवतो आणि त्याला वाटतं की आपण स्वतःलाच घडवतो आहोत. तीही खोली पुढे हातची जाते. आणि त्याने लिहिलेलं एकुलतं एक पुस्तक, लाल बांधणीचं. शेवटच्या ओळींत ते त्याच्या हातातून सुटतं.

इथे ७३ व्या सॉनेटचा कागद बाहेर काढा. कवी स्वतःला आधी पानगळीचा ऋतू म्हणतो, मग मावळतीचा उजेड, मग विझत आलेला विस्तव, आणि शेवटी म्हणतो की जे लवकरच सोडायचं आहे त्यावर प्रेम अधिक घट्ट होतं. हिवाळ्याची वर्णनं, संध्याकाळचा उजेड, कॅथरिनबरोबरचे मोजके महिने, हे या तीन प्रतिमांशी ताडून बघा. मात्र ‘हिवाळा म्हणजे मृत्यू’ असं कोष्टक करू नका.

७. चांगदेवला शेजारी बसवा

मराठी वाचकाजवळ एक मोठी सोय आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’पासून (१९७५) सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील हाही इंग्रजीचा प्राध्यापक, हाही आतून अस्वस्थ. पण चांगदेव कॉलेजं आणि गावं बदलत राहतो, कुठेच रुजत नाही. स्टोनर एकाच आवारात चाळीस वर्षं काढतो. चांगदेवभोवती जात, संस्थाचालक आणि गावातलं राजकारण यांचा गलबला आहे, स्टोनरभोवती शांतता. शब्दमर्यादेत बसत असेल तर या तुलनेला एक परिच्छेद द्या, पण फक्त दोन्ही वाचलं असेल तरच. न वाचता केलेली तुलना लगेच उघडी पडते.

८. लिहायला बसा

पहिलं वाक्य लेखकाच्या जन्मापासून सुरू करू नका, कॅम्पस कादंबरीच्या व्याख्येपासूनही नको. तुमच्या निवडलेल्या प्रसंगापासून सुरू करा. माझ्या तिसऱ्या खर्ड्याची सुरुवात बाकावरच्या त्या हातांपासून झाली.

मग क्रम असा ठेवला : पहिला प्रसंग, दुसरा प्रसंग, दोन्हींतलं निवेदकाचं अंतर, काळाची हाताळणी, लोमॅक्सबद्दलचा आक्षेप. ‘साहित्यघटक’ हा शब्द विषयात होता म्हणून शेवटच्या परिच्छेदात एकदा वापरला. व्याख्या एका वाक्यात आटोपली : कॉलेज-विद्यापीठाच्या आवारात घडणारी, बहुतेकदा शिक्षकांभोवती फिरणारी कादंबरी. या प्रकारातल्या पुष्कळ कादंबऱ्या उपहासाच्या अंगाने जातात, किंग्जली एमिस यांची १९५४ ची ‘लकी जिम’ त्यांतली प्रसिद्ध. ‘स्टोनर’ तशी नाही, एवढं नोंदवलं की पुरे.

अवतरणं कमी घ्या. एका पानाला एक, दोन ओळींपेक्षा मोठं नको, आणि प्रत्येक अवतरणानंतर त्यातला नेमका कुठला शब्द तुम्हाला महत्त्वाचा वाटतो ते लिहा.

‘अपयशी प्राध्यापक’ हे विशेषण कुठे आलं असेल तर त्याखाली रेघ मारा आणि कोणाच्या दृष्टीने अपयशी ते तिथेच स्पष्ट करा. नोंदवहीच्या दृष्टीने की दुसऱ्या युद्धानंतर वर्गात आलेल्या त्या माजी सैनिकांच्या दृष्टीने, ज्यांना शिकवताना स्टोनरची सर्वांत चांगली वर्षं गेली?

९. व्हायवा

अंतर्गत गुणांसाठी दहा मिनिटांचा व्हायवा असतो. पुस्तक बरोबर न्या, चार पानांना कागदाच्या पट्ट्या लावून : पहिलं पान, सॉनेटचा वर्ग, तोंडी परीक्षा, शेवटचं पान. परीक्षक बहुधा विचारतात की स्टोनर लढत का नाही. त्यावर परीक्षेचं पान उघडा. तो लढतो ते ठिकाण तेच आहे.

आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर वळसे घेऊ नका. मला ड्रिस्कॉलच्या प्रबंधाबद्दल विचारलं होतं आणि मला आठवलं नाही. मी “आठवत नाही, सर” म्हटलं आणि थांबले. सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनीच पुस्तक पुढे ओढलं, पट्टी लावलेलं तिसरं पान उघडलं आणि म्हणाले, “बरं, मग इथलं सांग.”